आधी ठरवा, मग संतोषाने द्या

यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, लिहिले की, प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे. खेदाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो (२ करिंथ ९:७). या वचनाचा शेवट आपल्याला तोंडपाठ असतो, मात्र त्याच्या आरंभीच ठरवण्याची अट आहे, तिकडे लक्ष जात नाही. अर्पणाची थैली समोर आल्यावर हाताला लागेल ती नोट टाकणे किंवा शेजाऱ्याने किती टाकले ते पाहून टाकणे, यात ठरवणे कुठेच नसते आणि म्हणून त्यात आनंदही टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उदार दानाची खरी तयारी घरी, रविवारच्या आधी होते.

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरी असेल आणि पगार ठरलेल्या तारखेला जमा होत असेल, तर किराणा, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता यांचा हिशेब करायला पती-पत्नी ज्या दिवशी बसतात, त्याच बैठकीत दानाचा आकडाही ठरवावा आणि ती रक्कम लगेच वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात काढून ठेवावी. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे, ही पौलाची सूचना (१ करिंथ १६:२) याच व्यवहाराची आहे. आकडा दोघांनी मिळून ठरवावा. एकाने परस्पर दिले आणि दुसऱ्याने ते मुकाट्याने सोसले, तर त्या दानात निम्मे घर नसतेच. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, हे सुरुवातीसाठी चांगले माप आहे, परंतु वर्गणीविषयीच्या दोन अध्यायांत (२ करिंथ ८ व ९) पौल कोणताही टक्का सांगत नाही, आणि पुदिना, शेप व जिरे यांचा दशमांश देऊन न्याय, दया व विश्वास सोडून देणाऱ्या शास्त्र्यांना व परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, प्रभू येशूने कठोर शब्दांत सुनावले होते, हे विसरू नये. कोणाला दहावा हिस्सा फारच हलका असतो, तर कोणाला तो आज झेपणारा नसतो.

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराचे गणित निराळे असते. त्याचे पैसे हंगामात एकदाच येतात, कांद्याचा भाव लासलगावच्या बाजारात आठवडाभरात कोसळू शकतो, आणि ऐन काढणीत गारपीट झाली तर वर्षच हातचे जाते. अशा घराने ठरावीक रकमेचा शब्द देऊ नये, हिस्सा ठरवावा, आणि व्यापाऱ्याचा चेक वटल्यानंतर मजुरी, खते, औषधे यांचा खर्च वजा करून जे उरेल त्यातून तो काढावा. तोट्याच्या वर्षी हात आखडला तर अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, कारण उत्सुकता असेल तर माणसाजवळ जे आहे त्यानुसार दान मान्य होते, जे नाही त्यानुसार नाही, असे पौलच म्हणतो (२ करिंथ ८:१२).

द्राक्षांविषयी तर शास्त्रात थेट आज्ञा आहे: मळा झाडून खुडू नये, गळलेली फळे वेचू नयेत, ती गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावीत (लेवीय १९:१०). आज निवडणीत कात्रीने काढलेले सुटे मणीही बेदाण्यासाठी विकले जातात, त्यामुळे बागेत मागे काही उरतच नाही. मग पेठ-सुरगाण्याहून मुलाबाळांसह खुडणीला आलेल्या मजुरांसाठी चांगल्या मालाचे काही क्रेट आधीच बाजूला काढून ठेवावेत. मात्र त्यांची मजुरी हे दान नव्हे. ती वेळेवर आणि पूर्ण द्यावी. अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोबाने लिहिले आहे (५:४).

आईवडिलांचे औषधपाणी थांबवून देवाला वाहिलेले धन प्रभूने मान्य केले नाही (मार्क ७). उसने काढूनही अर्पण देऊ नये, असे मी सांगेन. जवळची शेवटची दोन नाणी दानपेटीत टाकणाऱ्या विधवेचा दाखला देऊन गरिबाकडून अधिक काढू पाहणाऱ्यांनी त्याच्या आधीचे वचन (मार्क १२:४०) वाचावे: विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध तिथेच आहे.

मनच होत नसेल तर काय करावे? कमी द्यावे, पण खरे द्यावे. शेत तुझेच होते, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते, असे प्रेषित पेत्राने हनन्याला सांगितले; शेत विकून आलेल्या पैशातला काही भाग मागे ठेवून उरलेला त्याने सगळा म्हणून आणला होता (प्रेषितांची कृत्ये ५). दोष थोडे आणण्यात नव्हता, सगळे आणल्याचा आव आणण्यात होता. भावाशी वैर असेल तर अर्पण वेदीजवळ ठेवून आधी समेट करावा (मत्तय ५:२४). आणि ज्याच्यासाठी द्यायचे त्याला एकदा भेटावे. जिल्हा रुग्णालयात सुरगाण्याहून आलेला एखादा नातेवाईक रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसलेला असतो. त्याच्या हाती पोळी-भाजीचा डबा देऊन दोन शब्द बोलल्यावर पुढच्या महिन्याचा आकडा ठरवणे सोपे जाते. तो आपल्या मंडळीचा नसला तरी चालेल. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात याच नाशिकमधील शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत आसरा व शिक्षण मिळाले होते.

उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, ही आज्ञा देणाऱ्याच्या प्रतिष्ठेपुरती आहे, खजिनदाराच्या हिशेबाला ती लागू नाही. वर्गणीबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने ती नेण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला होता. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी हिशेब ठेवून तपासून घेणे १९५० च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे, तेव्हा पावती मागण्यात किंवा वार्षिक ताळेबंद पाहण्यात अविश्वास मानू नये.

हंगामाच्या सणाला उपासनेनंतर जो लिलाव होतो, तिथे विशेष सांभाळावे. केळ्यांचा फणा, बाजरीची पायली, कोंबडी यांवर चढाओढीने बोली लागते, त्यात गंमतही असते, आणि कोणी घेतलेली वस्तू पुन्हा लिलावाला देतो तेव्हा सगळ्यांना आनंद होतो. पण ईर्षेने चढवलेली बोली घरी गेल्यावर सलत राहते. आपली मर्यादा घरूनच ठरवून जावे, ती आली की थांबावे, आणि ज्यांनी बोलीच लावली नाही त्यांच्याकडे कोणी वळून पाहणार नाही याची काळजी लिलाव करणाऱ्याने घ्यावी.