एका कार्ट्रिजमध्ये अख्ख्या गल्लीचा सिनेमा

सुपर ८ या घरगुती सिनेमाच्या छोट्या फिल्मच्या एका कार्ट्रिजमध्ये (कॅमेऱ्यात तयार बसणाऱ्या बंद डबीत) ५० फूट फिल्म असते, म्हणजे ३,६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंद चालते, २४ च्या वेगाने अडीच मिनिटं. गल्लीने मिळून सिनेमा करायचा असेल तर वेग १८ च ठेवा आणि सगळे प्रसंग एकाच कार्ट्रिजमध्ये, जसे दिसायला हवेत त्याच क्रमाने टिपा. संकलन कॅमेऱ्यातच होऊन जातं. प्रत्येकाने वेगळी कार्ट्रिज भरली की पुढे ती जोडत बसायला कोणी उरत नाही.

कॅमेरा जुनाच मिळणार, तेव्हा आधी तो रिकामा चालवून बघा. सेलच्या कप्प्यात पांढरा-हिरवा थर असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग झाकण उघडं ठेवून ट्रिगर दाबा: फिल्म गुंडाळणारा खुंटा न अडखळता फिरला पाहिजे. तो अडला तर फिल्म आतच गोळा होते आणि सगळे प्रसंग एकमेकांवर छापले जातात. काही कॅमेऱ्यांत लाइटमीटरला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या भागाला, वेगळा सेल असतो, मूळचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा. तो आता बनत नाही. १.५ व्होल्टचा घातला तर मीटर चुकू शकतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल त्याला जवळचा. मोबाइलवरच्या लाइटमीटर ॲपमध्ये आयएसओ (फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) २०० आणि शटर १/४० सेकंद ठेवून ताडून बघा. एका स्टॉपपेक्षा (म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्यापेक्षा) जास्त फरक आला तर ॲपचाच आकडा धरा, अर्थात कॅमेऱ्यावर ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र) हाताने बदलता येत असेल तर.

पहिल्या वेळी ट्राय-एक्स ही कृष्णधवल रिव्हर्सल फिल्म घ्या, म्हणजे जिच्यावर उलटं नाही, सरळ चित्र उमटतं अशी. डेव्हलप झाली की थेट प्रोजेक्टरवर चढते. निगेटिव्ह फिल्म स्कॅनशिवाय पाहता येत नाही. फिल्टरचं बटण बल्बच्या खुणेवर ठेवा, म्हणजे आतला नारिंगी फिल्टर बाजूला होतो. सूर्याच्या खुणेवर राहिलं तर प्रकाश विनाकारण कमी होतो.

आता वाटणी. १८ च्या वेगाला १ फूट म्हणजे बरोबर ४ सेकंद. सुरुवातीची आणि शेवटची ५ सेकंदं सोडून द्या, तिथे प्रकाश शिरलेला असू शकतो. राहिली १९० सेकंदं. गल्लीत सहा घरं धरली तर प्रत्येकी ३० आणि पाटीवर खडूने लिहिलेल्या नावाला १०. एका घराला ६ सेकंदांचे पाच शॉट पुरतात. हातात घड्याळ घेतलेला एक माणूस फक्त वेळ मोजेल आणि मोठ्याने "थांब" म्हणेल. हे काम कॅमेरा धरणाऱ्याकडे देऊ नका. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना ६ सेकंदांची हमखास १५ होतात, आणि शेवटच्या घराला फिल्मच उरत नाही.

कॅमेरा हातोहात फिरतो, म्हणून प्रत्येकाने आधी व्ह्यूफाइंडरची काच आपल्या डोळ्याला लावून घ्यावी: लेन्स अनंतावर, झूम पूर्ण आत (वस्तू सर्वांत मोठी दिसेल असा), आणि लांबची वस्तू स्पष्ट दिसेपर्यंत काच फिरवायची. शॉट घेताना झूम आत नेऊन फोकस करा, मग पूर्ण बाहेर आणून टिपा. हातातला कॅमेरा लांब झूमवर फार हलतो.

मध्येच शंका आली की फिल्म सरकत नाही, तर कॅमेऱ्यावरचा फिल्म मोजणारा आकडा पुढे जातोय एवढ्यावर विसंबू नका. सावलीत कार्ट्रिज काढा, समोर दिसणाऱ्या फ्रेमवर स्केचपेनने फुली मारा, परत बसवून २ सेकंद चालवा. फुली पुढे गेली असेल तर सगळं ठीक. काही फ्रेम प्रकाशाने जातील आणि आकडा शून्यावर येईल, म्हणून काढण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. फिल्म संपल्याची खात्री मात्र सोपी: कार्ट्रिजच्या खिडकीत 'एक्सपोज्ड' असा शिक्का दिसतो.

डेव्हलप होऊन आलेली रिव्हर्सल फिल्म हीच एकमेव प्रत, तेव्हा आधी स्कॅन करून घ्या, मगच प्रोजेक्टरवर चढवा. पुढे दीड मीटर कोरी लीडर फिल्म (प्रोजेक्टरमध्ये ओवायला लागणारा जादा तुकडा) जोडा आणि प्रोजेक्टरचा गेट, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते ती जागा, मऊ ब्रशने झाडा. चित्र उड्या मारू लागलं तर गेटच्या वर-खालचा फिल्मचा सैल वेढा निसटलेला असतो. थांबवून तो वेढा पुन्हा द्या. दिवा चालू असताना फिल्म गेटमध्ये अडली की ती फ्रेम काही क्षणांत वितळते, म्हणून खेळ चालू असेपर्यंत एकाचा हात दिव्याच्या बटणावरच हवा.