तालुक्याच्या दप्तरातून वंशावळ: नावामागे नको, जमिनीमागे जा

खापरपणजोबांचं नाव घेऊन लोक थेट तहसील कचेरीत जातात आणि वैतागून परततात. अभिलेख कक्षात नावावरून काही सापडत नाही, तिथे गाव आणि सर्व्हे नंबर लागतो. म्हणून आधी वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा काढा. जमीन आज भावकीकडे असली तरी चालेल.

जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आणि आताच्या संगणकीय उताऱ्यावर कंसात असतात ते फेरफार क्रमांक. (फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव का आणि कसं बदललं त्याची नोंद.) ते सगळे उतरवून घ्या. एकत्रीकरण (जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणं) झालेल्या गावात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेला असतो. जुना नंबर भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यात मिळतो. मग त्या फेरफारांच्या नकलेचा अर्ज, फी आणि वाट पाहणं.

खरी गोची फेरफार हातात आल्यावर होते, आणि मी तिथेच आपटलो. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. जुन्या कागदांत आडनाव बहुतेक वेळा नसतंच. मग होतं असं: राणू बिन धोंडू, त्याचा मुलगा धोंडू बिन राणू, त्याचा मुलगा पुन्हा राणू बिन धोंडू. (बिन म्हणजे मुलगा.) मी दोन्ही राणू एकच धरले आणि मधल्या दोन पिढ्या गिळून टाकल्या. सुबक तक्ता करून चुलत्यांना दाखवला, तर ते म्हणाले, "हा राणू नव्वद वर्षं नांगर धरत होता का रे?"

तेव्हापासून मी नावाला नाव जोडत नाही. वहीत प्रत्येक फेरफाराची एक ओळ करतो: क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर, कोणाचं नाव कमी झालं, कोणाचं लागलं. एका नंबरावर एकच नाव पन्नास वर्षांहून जास्त दिसलं की मध्ये एक वारस फेरफार निसटलाय असं समजायचं. "मयत अमुक, वारस तमुक" ही ओळ सापडेपर्यंत पुढची पिढी लिहायची नाही. ती सापडली की त्या सुमाराची मृत्यूनोंद गाव नमुना 14 मध्ये ताडून पाहायची. जन्मनोंदीवर फार भरवसा नको. तिथे बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी' किंवा 'मुलगा' एवढंच असतं.

दुसरा सापळा 'ए.कु.मॅ.'चा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचंच नाव लागतं. तुमचा पणजोबा त्या ओळीत नसेल, पण घरात असेल. थोरल्यालाच पणजोबा समजून पुढे निघू नका, नंतरचा वाटणीचा फेरफार शोधा. तिथे सगळे भाऊ सापडतात. 'अ.पा.क.' दिसलं तर थांबाच. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचा पालनकर्ता म्हणून तिथे पुष्कळदा आईचं नाव असतं. आमच्या कागदांत पणजीचं नाव फक्त त्या एका जागी आहे.

हक्कनोंदणी, म्हणजे फेरफार ज्यात लिहितात ती जमिनीच्या हक्कांची नोंद, 1903 च्या कायद्याने आली, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात फेरफार त्यामागे नेत नाहीत. त्याच्याही मागे जायचं तर कडईपत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा त्याआधीचा कागद, आणि तो मोडीत. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला सगळी ओळ एकच शब्द वाटते. अख्खी लिपी शिकून मगच जाईन म्हणणारे कधीच जात नाहीत. गावाचं नाव, घराण्यातली चार-पाच नावं आणि 'बिन' एवढं मोडीत स्वतः पन्नास वेळा गिरवा. मग पान उलटताना डोळा आपोआप अडकतो. नेमकं वाचन जाणकाराकडून पैसे देऊन करून घ्या. मराठवाड्यात निजामकाळचे कागद उर्दूत असतात, तिथे वाचकही तसाच शोधावा लागतो.

कचेरीत जाण्याआधी जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी स्कॅन केलेली गावोगावची जुनी पानं अनेक जिल्ह्यांनी तिथे ठेवली आहेत.

शाळेचं जनरल रजिस्टर शेवटी. त्यात जन्मतारीख 1 जून असेल, तर ती बहुधा गुरुजींनी दिलेली आहे.