कुकरमधला गरम सायडर: या चुका मी केल्यात, तुम्ही टाळा

पहिल्यांदा केला तेव्हा घरभर असा काही वास सुटला की शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "काय गं, गोडाचं काय चाललंय?" त्यांनाही कप दिला. एक घोट घेतला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "दाढ दुखायला लागली की हेच लावतो ना आपण?" काकूंचं काही चुकलं नव्हतं. एक किलो सफरचंदाला मी अकरा लवंगा घातल्या होत्या. जीभ तासभर बधिर होती.

हे पेय मूळचं आपलं नाही. आम्ही काही वर्षं अमेरिकेत न्यू इंग्लंड भागात होतो. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात बागेत जाऊन हाताने सफरचंदं तोडायची, येताना गढूळ तपकिरी रसाचा कॅन घ्यायचा आणि घरी दालचिनी-लवंग टाकून मंद आचेवर तापवायचा, ही रीतच. न गाळलेल्या त्या रसाला ते सायडर म्हणतात. त्यात दारू नसते. आंबवून दारू झाली की तो हार्ड सायडर. इंग्लंडात मात्र नुसतं सायडर म्हटलं की दारूच समजायची. आणि आपल्याकडे हा शब्द भेटतो तो व्हिनेगरच्या बाटलीवर. माझ्या एका मावशीने फोनवर कृती ऐकून घेतली आणि शेवटी शांतपणे विचारलं, "ते व्हिनेगर किती घालायचं, दोन चमचे की अर्धी वाटी?" तर आधीच सांगते: एक थेंबही नाही.

पुण्यात परतल्यावर तो रस काही मिळेना, म्हणून अख्ख्या सफरचंदांपासून कुकरमध्ये करायला लागले. पातेल्यात केला तर दीड-दोन तास जातात, कुकरमध्ये पाऊण तासात होतो. पण पातेल्यात मधे मधे चमचा बुडवून चव बघता येते, लवंग जास्त वाटली तर काढून टाकता येते. कुकरला एकदा झाकण लागलं की आत काय चाललंय ते वाफ जिरल्यावरच कळतं. माझ्या बहुतेक चुका यातूनच झाल्या. जे मागाहून काढता येत नाही ते आधी हात राखून घालायचं, आणि जे मागाहून घालता येतं ते मागाहूनच.

माझं सध्याचं प्रमाण पाच लिटरच्या कुकरसाठी आहे: एक किलो सफरचंद, एक लिटर पाणी, दोन पेरं लांबीचा दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, अर्धं चक्रफूल, बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून. गाळून साधारण सव्वा लिटर निघतो.

तयार रस कुकरमध्ये कोंडणं

ही चूक अमेरिकेतल्या आपल्या लोकांची जास्त. गॅलनचा कॅन आणायचा, सहा क्वार्टच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये ओतायचा, मसाला टाकायचा आणि हाय प्रेशर लावायचं. रस आधीच काढलेला आहे, मग प्रेशरने शिजवायचं काय? शिवाय हिशोब करून बघा. गॅलन म्हणजे 3.8 लिटर, सहा क्वार्ट म्हणजे 5.7. नुसत्या रसानेच भांडं दोन तृतीयांश भरलं. वर सफरचंदाच्या फोडी आणि संत्र्याच्या चकत्या टाकल्या की आतल्या "यापुढे भरू नका" रेषेच्या पार वर. हाताशी रस असेल तर साधं पातेलं घ्या, मंद आचेवर वीस मिनिटं, संपलं. कुकर अख्ख्या फळांसाठी.

मसाला

उघड्या पातेल्यासाठी लिहिलेली कृती कुकरमध्ये जशीच्या तशी वापरली की काढा होतो. पातेल्यातून लवंगेचा, दालचिनीचा बराचसा सुवास वाफेबरोबर उडून जातो, कृतीतलं प्रमाण तो तोटा धरून लिहिलेलं असतं. बंद कुकरमध्ये उडायला वाट कमी आणि उष्णता 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास. म्हणून पातेल्याच्या कृतीतला मसाला मी सरळ निम्मा करते. लवंगेच्या बाबतीत तर निम्म्याहून कमी. लवंगेतलं युजेनॉल तेच, जे दाढेवर लावायच्या तेलात असतं.

पूड वापरू नका. दालचिनीची पूड गरम पाण्यात बुळबुळीत होते, फडक्याच्या विणीत बसते आणि कपाच्या तळाशी चिखल साठतो. आपल्या किराणा दुकानात दालचिनी म्हणून बहुतेक वेळा कॅशिया मिळते: जाड, टणक, एकाच पदराची साल. ती तिखट आणि उग्र असते. सिलोनची दालचिनी पातळ पापुद्र्यांची, सुरळीसारखी, बोटाने चुरता येणारी. ती मिळाली तर तुकडा जरा मोठा चालतो.

अमेरिकी कृतींत ऑलस्पाइस नावाचा जिन्नस दिसतो आणि नावामुळे घोटाळा होतो. हे मसाल्यांचं मिश्रण नव्हे, कॅरिबियन बेटांकडच्या एका झाडाचं मिऱ्यासारखं वाळलेलं फळ आहे. त्याच्याऐवजी गरम मसाला घालणाऱ्या एक बाई मला माहीत आहेत. त्यात धणे-जिरे होते. सफरचंदाची आमटी झाली. ऑलस्पाइस नसेल तर एक लवंग आणि जायफळाचं एक घासणं पुरे. पण जायफळ झाकण उघडल्यावर, वरून.

सगळा खडा मसाला सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा. मोकळी लवंग गाळताना सापडत नाही आणि नेमकी पाहुण्यांच्या दाताखाली येते. त्याहून मोठं कारण पुढे आहे.

आता उग्र झालाच तर? साखर ओतत बसू नका, त्याने गोड काढा होतो. तेवढाच साधा सफरचंदाचा रस किंवा गरम पाणी घाला आणि लिंबू पिळा. किंचित कडसर असेल तर चिमटीभर मीठ. मिठाने कडवटपणा खरोखर दबतो.

संत्र्याच्या गोल चकत्या

फोटोत सुंदर दिसतात, कुकरमध्ये घात करतात. सालीखालचा पांढरा पापुद्रा आणि बिया, दोन्हींतला कडवटपणा उष्णतेने रसात उतरतो. आपल्या नागपुरी संत्र्याचा अंबिया बहार ऑक्टोबरपासून येतो, म्हणजे काश्मीरची सफरचंदं बाजारात असतानाच. जोडी छान जमते, पण असं करा: केशरी सालीची बटाट्याच्या सोलण्याने काढलेली पातळ पट्टी, अंगठ्याएवढी, पुरचुंडीत घाला, आणि संत्र्याचा रस वाफ जिरल्यावर. मोसंबीच्या सालीच्या वाटेला जाऊच नका.

एकाच जातीची गोड सफरचंदं

बाजारात आपल्याला दिसतात ती बहुतेक डिलिशियस जातीची, लालबुंद, गोड आणि आंबटपणा जेमतेम. हिमाचलात ही जात रुजवली ती फिलाडेल्फियाहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, शिमल्याजवळच्या कोटगढ भागात. पुढे ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, सत्यानंद झाले. म्हणजे पुण्यात बसून सायडर करताना फळ तरी अमेरिकेच्या वंशावळीतलंच असतं, एवढं समाधान. पण फक्त डिलिशियस घातली की सायडर साखरपाण्यासारखा सपाट लागतो आणि लोक दोष मसाल्याला देतात. कमतरता आंबटाची असते. किलोत दोन हिरवी ग्रॅनी स्मिथ घाला, किंवा शेवटी एक चमचा लिंबाचा रस. फरक पहिल्याच घोटात कळतो.

मऊ पडलेली चालतील, सडलेली नाहीत. बाजारातल्या फळांवर मेण असतं, कोमट पाण्यात घासून धुवा, नाहीतर कपावर तवंग येतो. साल ठेवा, रंग तिचाच. मधला बियांचा भाग मात्र काढून टाका, आणि शिजल्यावर मिक्सरला तर लावूच नका.

पेअर किंवा अननसाच्या दोन फोडी चालतात. पेरूने रस दाट होतो. केळं घातलंत तर तुमचं तुम्ही बघा.

कुकर भरणं, शिट्ट्या मोजणं, वाफ सोडणं

इथे चवीचा नाही, भाजण्याचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

सफरचंद शिजताना फेसाळतं. इलेक्ट्रिक कुकरच्या माहितीपुस्तिकेत ॲपलसॉसबद्दल, म्हणजे शिजवून घोटलेल्या सफरचंदाच्या गराबद्दल, सावधगिरीची सूचना असते ती याचमुळे: फेस आणि गर वर चढून वाफेची नळी बंद करू शकतात. म्हणून अर्ध्याच्या वर भरायचं नाही. एक किलो फोडी आणि एक लिटर पाणी पाच लिटरच्या कुकरमध्ये अर्ध्याच्या जरा खालीच राहतं. तीन लिटरचा कुकर असेल तर निम्मं प्रमाण घ्या, "बसतंय की" म्हणून दाबू नका. मोकळी लवंग किंवा सुटलेली साल नळीत अडकू शकते, पुरचुंडीचं खरं कारण हेच. झाकण लावण्याआधी शिट्टी काढून नळीतून उजेडाकडे बघायची सवय ठेवा. मागच्या वेळचा गर वाळून तिथे बसलेला मला एकदा सापडला आहे.

"किती शिट्ट्या?" हा आपला राष्ट्रीय प्रश्न. सायडरसाठी उत्तर एक. पहिली झाली की आच अगदी मंद करा आणि आठ ते दहा मिनिटं घड्याळावर मोजा. प्रत्येक शिट्टीबरोबर सुवास बाहेर जातो. स्वयंपाकघर घमघमलं म्हणून आपण खूश होतो, पण तो घमघमाट कपातून वजा झालेला असतो. इलेक्ट्रिक कुकरला हाय प्रेशरवर पंधरा मिनिटं. याहून जास्त शिजवलंत तर फोडी पार विरघळतात आणि गाळायला पेजेसारखा लगदा उरतो.

मग गॅस बंद, आणि हात बांधून बसा. कुकरचं प्रेशर आपोआप उतरू द्या, पंधरा-वीस मिनिटं लागतात. भाताच्या कुकरची शिट्टी चमच्याने उचलून वाफ काढायची सवय बऱ्याच जणांना असते. इथे ती महागात पडेल. आतला रस 120 अंशांच्या आसपास असतो. दाब एकदम काढला की सगळाच्या सगळा एकाच क्षणी खदखदून उठतो आणि नळीतून चिकट, उकळता फवारा येतो. माझ्या ओट्याच्या वरच्या टाइल्सवरचे डाग काढायला दोन दिवस गेले. हातावर आला नाही, ही कृपा.

ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये फळं थेट घालू नका. कुकर आतून काळा पडू नये म्हणून आपण पाण्यात लिंबाची साल किंवा चिंच टाकतो, आठवतं? आंबटाने ॲल्युमिनियमवरचा थर निघतो म्हणूनच तो चकचकीत राहतो. सफरचंदंही तेच करतात, आणि निघालेलं सगळं रसात जातं, चवीला धातूची झाक येते. स्टीलचा कुकर वापरा. नसेल तर ॲल्युमिनियमच्याच कुकरमध्ये तळाला पाणी घालून आत स्टीलचं उंच भांडं ठेवा, वरणाला ठेवतो तसं. ते भांडंही अर्धंच भरा आणि पाच मिनिटं जास्त द्या.

रिंगचा वास

पहिल्या वर्षी माझ्या सायडरला दर वेळी हलकीशी हिंगाची झाक यायची. मसाले बदलले, सफरचंदं बदलली, काही उपयोग नाही. मग एकदा रिंग नाकाशी धरली आणि उलगडा झाला. रोजच्या आमटी-उसळीचा वास रबरात मुरलेला असतो आणि वाफेबरोबर तो पुन्हा खाली येतो. सिलिकॉनची रिंग तर याहून हावरट. लिंबू घालून नुसत्या पाण्याची एक शिट्टी काढली, रिंग उन्हात ठेवली, की थोडा कमी होतो, जात नाही. गोडाच्या पदार्थांसाठी वेगळी रिंग ठेवा, शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न आहे. मात्र कंपनी आणि माप तेच घ्या.

पिळून गाळणं

आधी पुरचुंडी काढा. मग श्रीखंडाचा चक्का टांगतो तसं ओल्या पंचात ओतून नळाला टांगा, वीस मिनिटं. घाई करून पिळलंत तर गर फडक्यातून उतरतो आणि सायडर दाट, कपात दोन थर होणारा निघतो. झालाच असेल तर तसाच तासभर ठेवून वरचा निवळ ओता. उरलेला गर टाकू नका, साल वेचून शिऱ्यात घाला.

गोडी आता बघायची, आधी नाही. साखर किंवा गूळ आधी घातला की तळाला गराबरोबर लागतो. इलेक्ट्रिक कुकर अशा वेळी "बर्न" लिहून थांबतो, आपला बिचारा गॅसवरचा काही लिहीत नाही, नुसता करपतो. मला एक मोठा चमचा गूळ पुरतो. रम किंवा ब्रँडी घालणाऱ्यांनी ती कपात घालावी. बंद कुकरमध्ये दारू तापवायची नाही, तिची वाफ पेट घेते.

उरलेला सायडर मसाला काढूनच फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतो. ओट्यावर घट्ट झाकणाच्या बाटलीत विसरलात तर तो आंबायला लागतो आणि वायू धरतो. गेल्या डिसेंबरात काकूंना दिलेली बाटली त्यांनी तशीच ठेवली होती. तिसऱ्या दिवशी बूच उडून फोडणीच्या डब्यात पडलं. काकू म्हणाल्या, "या खेपेला लवंग बरोबर होती गं, पण तुझा सायडर फार उड्या मारतो."