मनाली–लेह महामार्ग: मुक्काम कोठे करावा

मनाली ते लेह हे अंतर सुमारे ४३० किलोमीटर आहे आणि नकाशावर साधारण मध्यावर सरचू दिसते, त्यामुळे दोन दिवसांचा बेत आखणारे बहुतेक जण पहिला मुक्काम तेथेच ठरवतात. हा बेत टाळावा. मनालीची उंची सुमारे २,००० मीटर, तर सरचूची ४,२०० मीटरहून अधिक. एका दिवसात एवढे चढून तेथेच झोपल्यास डोकेदुखी, मळमळ आणि धाप यांत रात्र जाते. पूर्वी रोहतांग खिंड ओलांडण्यातच बराच वेळ जाई. ऑक्टोबर २०२० मध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून खिंडीपलीकडचे लाहौल खोरे काही तासांवर आले, पण विरळ हवेची सवय होण्यास शरीराला मिळणारा वेळही तेवढाच घटला.

पहिला मुक्काम जिस्पाला, साधारण ३,२०० मीटरवर, करावा आणि शक्यतो दोन रात्री राहावे. मधल्या दिवशी नुसते पडून राहण्यापेक्षा दीपक ताल हा तलाव पाहून यावा. प्रकृती साथ देत असेल तर बारालाचा खिंडीच्या अलीकडे, भागा नदीच्या उगमाशी असलेल्या सूरज तालपर्यंत जाऊन यावे आणि झोपायला जिस्पालाच परतावे. दिवसा उंचावर जाणे आणि रात्री खाली झोपणे, यानेच शरीर सरावते. चंद्रा आणि भागा यांच्या संगमावरील टांडीला टाकी काठोकाठ भरून घ्यावी, कारण त्यापुढे लेहजवळच्या कारूपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर पंपाचा भरवसा धरता येत नाही.

जिस्पाहून पहाटेच निघावे. ऊन चढले की बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात; सकाळी घोटाभर असलेले पाणी दुपारी गाडी अडवू शकते. नाल्यात शिरण्यापूर्वी पुढची गाडी कोठून जाते ते पाहावे, पहिल्या गिअरमध्ये एका संथ गतीने पार व्हावे, मध्ये गिअर बदलू नये आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवावेत.

सरचूला न्याहारी करावी. पुढे गाटा लूप्सची २१ वळणे लागतात. वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, आणि आपण उतरत असू तेव्हा ब्रेकवर पाय ठेवून बसण्याऐवजी खालच्या गिअरवर गाडी रोखावी. नाकी ला आणि लाचुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून पांगला जेवण होते. त्यानंतरचे मोरे पठार सरळ आणि मोहक आहे. वेगाचा मोहही येथेच होतो, पण अचानक येणारे खड्डे या मोहाला माफ करत नाहीत. सुमारे ५,३०० मीटरवरील तांगलांग लावर फोटोसाठी दहा मिनिटे पुरेत, आणि तेथे धावपळ अजिबात करू नये. तेथून उतार लागतो व उपशीला सिंधू भेटते.

जिस्पा ते लेह हा दिवस दहा-बारा तासांचा असतो, म्हणून दोन चालक असणे बरे. एकटाच चालक असेल, तर जिस्पाच्या दोन रात्रींनंतर सरचूचा तंबू नाइलाजाने चालेल; मात्र चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजाडण्याची वाट न पाहता खाली उतरावे. परतीच्या वाटेवर, लेहला काही दिवस काढल्यानंतर, त्याच सरचूला निवांत राहावे.