वूफर आणि ॲम्पच्या ओहमचं गणित : जोडणी करताना या चुका टाळा

गाडीत नवा वूफर (बास वाजवणारा मोठा स्पीकर) बसवला, सुरुवातीला दणदणीत वाजला आणि मग ॲम्पवरचा (त्याला पॉवर देणाऱ्या ॲम्प्लिफायरवरचा) लाल दिवा लागून सगळं गप्प झालं, की बहुतेक जण ॲम्पलाच दोष देतात. बदलून दुसरा आणतात आणि तोही तसाच बंद पडतो. खोट बहुधा वूफरच्या वायरी ज्या पद्धतीने जोडल्यात तिथे असते. खरं तर चूक त्याही आधी, दुकानात झालेली असते. वूफर आवडला म्हणून घेतला, ॲम्प ऑफरमध्ये मिळाला म्हणून घेतला, दोघांचे ओहम जुळतात का हे मात्र घरी आल्यावर पाहिलं. काही जोड्या अशा असतात की वायरी कशाही फिरवल्या तरी जुळत नाहीत. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की आधी कागदावर आकडा काढा आणि मगच पैसे द्या.

गणित शाळेतलंच आहे. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा मोजायचं माप. कॉइली (वूफरमधली तारेची वेटोळी) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडल्या की ओहमची बेरीज होते. पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, दोन सारख्या कॉइली जोडल्या की ओहम निम्मे होतात. कॉइली वेगवेगळ्या असतील तर गुणाकाराला बेरजेने भागायचं. ॲम्प वूफरला ठरावीक व्होल्टेज देत असतो. समोरचे ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट वाहतो, आणि करंट दुप्पट झाला की आउटपुट ट्रान्झिस्टरमधली उष्णता खूपच वाढते. ॲम्पच्या पुस्तिकेत ‘2 ओहम स्टेबल’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की त्याखाली गेलात तर ही उष्णता झेलायची त्याची तयारी नाही.

सगळ्यात जास्त घोळ डबल कॉइलच्या वूफरमध्ये होतो. खोक्यावर ‘4 ओहम डबल कॉइल’ लिहिलेलं असतं आणि माणूस समजतो की वूफर 4 ओहमचा आहे. प्रत्यक्षात त्यात 4-4 ओहमच्या दोन कॉइली असतात. त्या पॅरलल केल्या तर ॲम्पला 2 ओहम दिसतात, सिरीज केल्या तर 8. असा एकटा वूफर 4 ओहमवर आणता येतच नाही. तसाच 2 ओहमचा डबल कॉइल वूफर एकतर 1 ओहम देतो, नाहीतर 4. त्याचे 2 ओहम करून द्या असं कितीही सांगितलं तरी कोणी करू शकणार नाही, आणि एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तसं केलं तर वूफरची पॉवर पेलायची ताकद निम्मी होते आणि त्याचा मूळ स्वभावही बदलतो.

मग घ्यायचं काय? तुमचा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा ॲम्प) 1 ओहमपर्यंत चालत असेल तर 2 ओहमचा एक डबल कॉइल वूफर, किंवा 4 ओहमचे दोन डबल कॉइल वूफर. दुसऱ्या जोडीत चारही कॉइली पॅरलल करायच्या. मोनोब्लॉक 2 ओहमपर्यंतचाच असेल तर 4 ओहमचा एक डबल कॉइल, किंवा 2 ओहमचे दोन डबल कॉइल. त्यात प्रत्येक वूफरच्या दोन कॉइली सिरीज करून 4 करायच्या आणि मग दोन्ही वूफर पॅरलल जोडायचे. चार चॅनलचा ॲम्प ब्रिज करून, म्हणजे त्याचे दोन चॅनल एकत्र करून, वाजवणार असाल तर साध्या सिंगल कॉइलचा 4 ओहमचा वूफर सर्वांत बिनघोर.

ब्रिजचा विषय निघालाच आहे, तर इथे ॲम्प हमखास मरतो. ‘प्रत्येक चॅनल 2 ओहम स्टेबल’ हे वाचून लोक ब्रिजवरही 2 ओहमचा वूफर लावतात. ब्रिज केल्यावर दोन्ही चॅनल मिळून एकच वूफर ओढतात आणि प्रत्येक चॅनलला त्या वूफरचे निम्मेच ओहम दिसतात. 2 ओहमचा वूफर लावला तर प्रत्येक चॅनलला 1 ओहम दिसणार, म्हणजे मर्यादेच्या निम्मा. अशा ॲम्पला ब्रिजवर किमान 4 ओहम हवेत. ब्रिजसाठी कुठला प्लस आणि कुठला मायनस घ्यायचा हे ॲम्पवर रेघेने दाखवलेलं असतं, तेच पाळा.

मोनोब्लॉकवर दोन जोड्या टर्मिनल दिसतात, तीही अशीच फसवी जागा. दोन चॅनल आहेत असं समजून एकीकडे एक 2 ओहमचा वूफर आणि दुसरीकडे दुसरा लावला जातो. मोनोब्लॉकमधली ती दोन टर्मिनलं आतून एकमेकांना जोडलेली असतात, वायर घालायला सोपं जावं म्हणून दिलेली असतात, इतकंच. वूफर तिथे पॅरललच होतात आणि ॲम्पला दिसतो 1 ओहम.

जुन्या वूफरच्या जोडीला वेगळ्या ओहमचा नवा वूफर लावायचा मोह टाळा. 4 आणि 2 ओहम पॅरलल केले की एकूण 1.33 होतात, आणि 2 ओहमचा वूफर दुसऱ्याच्या दुप्पट पॉवर खातो. एक नुसता हलतो आणि दुसरा भाजून निघतो.

मोजल्याशिवाय वायर ॲम्पला लावू नका

जोडणी झाली की ॲम्पला वायर लावण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजायचं, ही सवय लावून घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधा मल्टिमीटर सहज मिळतो, आणि या कामाला तेवढा पुरतो. मीटर 200 ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून काय दिसतं ते पाहा. 0.3 वगैरे दिसेल, तो प्रोबच्या वायरींचा हिस्सा, नंतर वजा करायचा. मग वूफरच्या वायरींच्या टोकांवर मोजा. कोनला (वूफरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याला) हात लावू नका, गाडीचं दारही आपटू नका, कारण कोन हलला की कॉइल स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि आकडा नाचायला लागतो.

4 ओहमची कॉइल मीटरवर बरोब्बर 4 दाखवत नाही. साधारण 3.2 ते 3.8 च्या दरम्यान आकडा येतो. मीटर मोजतो तो डीसी रेझिस्टन्स, आणि खोक्यावर छापलेला असतो तो इम्पिडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा अडथळा. त्यामुळे 3.5 दिसलं म्हणून वूफर खराब ठरवू नका. 4 ओहमच्या दोन कॉइली पॅरलल करून 1.7-1.8 आलं तर जोडणी बरोबर आहे, सिरीज करून 7 च्या आसपास आलं तरी बरोबर. ॲम्प 2 ओहमचा असताना मीटरवर 0.9 आलं, तर मात्र थांबा, कुठेतरी एक जोड जास्त पॅरलल झालाय. तयार बॉक्स घेतला असेल तर त्यावरच्या स्टिकरवर विसंबू नका. आतली जोडणी कोणी कशी केली ते बाहेरून दिसत नाही, टर्मिनलवर मोजलं की कळतं.

एक चूक मात्र मीटरलाही सापडत नाही, ती म्हणजे एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे लागणं. ओहम अगदी बरोबर दाखवले जातात, पण दोन कॉइली एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. कोन जागचा हलत नाही, बास येत नाही, म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि न हलणाऱ्या कॉइलला हवाही लागत नसल्यामुळे ती जळते. हे तपासायला 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. एकेका कॉइलच्या प्लसला सेलचा प्लस आणि मायनसला मायनस क्षणभर टेकवा. दर वेळी कोन त्याच दिशेने, बहुतेक वूफरमध्ये बाहेर, उडी मारायला हवा. दोन वूफर असतील तर दोघांनाही असंच तपासा. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर दोघांचा बास एकमेकांना खातो, वाजतंय पण छातीत जाणवत नाही अशी ती तक्रार असते.

कमी ओहमचा सोस

‘1 ओहमवर टाक, पॉवर डबल होईल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. कागदावर ते बऱ्याच अंशी खरंही आहे, पण पॉवर दुप्पट झाली की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. फरक कळतो, पण दुप्पट मोठा आवाज अजिबात ऐकू येत नाही. त्यासाठी मोजावं काय लागतं ते पाहा. 600 वॉट आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या पॉवरचा) क्लास डी, म्हणजे कमी तापणाऱ्या जातीचा, ॲम्प पूर्ण जोरात असताना सुमारे 55 अँपिअर ओढतो. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं हे मान्य, पण लहान हॅचबॅकच्या अल्टरनेटरला त्याच वेळी एसी, हेडलाइट आणि इंजिनही सांभाळायचं असतं. शिवाय ॲम्प सीटखाली आणि वूफर डिकीत असेल, मध्ये 3 मीटरची 1.5 चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर जाऊन-येऊन सुमारे 0.07 ओहम वायरीतच जातात. 4 ओहमच्या वूफरला ते जाणवतही नाही, 1 ओहमवर मात्र 6-7 टक्के पॉवर वायर तापवण्यात जाते. मला विचाराल तर घरच्या गाडीत 2 किंवा 4 ओहमवर, थंड चालणारा ॲम्प केव्हाही चांगला. जास्त ओहमवर ॲम्प जळत नाही, पॉवर कमी मिळते, बस्स.

ॲम्पवर छापलेल्या ‘3000 वॉट’लाही भुलू नका. त्याचे फ्यूज पाहा. 30-30 चे दोन फ्यूज असतील तर 60 अँपिअर, गुणिले 13.8 व्होल्ट, म्हणजे आत येणारीच पॉवर 828 वॉट. त्यातून सतत 3000 बाहेर कसे येणार?

वायरिंग बदललं की गेन (आत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं ॲम्पवरचं बटण) पुन्हा लावायचा, हे बहुतेक जण विसरतात. 2 ओहमवर 500 वॉटसाठी आउटपुटला सुमारे 31.6 व्होल्ट लागतात (500 गुणिले 2 याचं वर्गमूळ). तोच गेन ठेवून वूफर 1 ओहमवर आणला तर ॲम्पकडे 1000 वॉट मागितल्यासारखं होतं, आणि मग तो प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला लाल दिवा लावून बंद पडतो. 1 ओहमवर 500 वॉटला 22.4 व्होल्टच पुरतात. हे मोजताना वूफर काढून ठेवा, बास बूस्ट बंद करा, 50 हर्ट्झचा टोन लावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवा.

लाल दिवा लागला तर

गाडी चालू करताच दिवा लागत असेल तर ॲम्प बंद करून वूफरच्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. दिवा गेला तर दोष वूफरकडे किंवा त्याच्या वायरीत आहे. टर्मिनलवरून बाहेर आलेली तांब्याची एक तार शेजारच्या स्क्रूला चिकटली तरी शॉर्ट होतो, आधी तेच बघा. दिवा तसाच राहिला तर आरसीए (स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल आणणारी वायर) काढून पाहा. तरीही राहिला तर ॲम्प आतून गेलाय.

दिवा फक्त आवाज वाढवल्यावर लागत असेल तर आधी ओहम मोजा. ते बरोबर निघाले तर वाजत असताना ॲम्पच्या प्लस आणि ग्राउंड टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असूनही बासच्या ठोक्याला ते 12 च्या खाली जात असेल तर पॉवर वायर बारीक आहे, किंवा बॉडीला लावलेल्या ग्राउंडखालचा रंग खरवडलेला नाही. मुख्य वायरला बॅटरीजवळ, साधारण दीड फुटाच्या आत, फ्यूज आहे ना हेही त्याच वेळी पाहून घ्या. तो नसेल तर गाडीला आग लागायचा धोका असतो.

आणि डिकीतून वार्निश जळल्यासारखा वास आला तर लगेच बंद करा. कोन बोटांनी चारही बाजूंनी सारखा दाबून पाहा. खरखर लागली तर कॉइल वितळून घासतेय. मग जोडणी सोडवून प्रत्येक कॉइल वेगळी मोजा. एक कॉइल तुटली असेल तर पॅरलल जोडणीत ओहम दुप्पट दिसतात आणि वूफर अर्ध्या दमाने वाजत राहतो, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. कॉइल बदलून घेणार असाल तर नवीही तितक्याच ओहमची आणि डबलच आहे ना, हे दुकानातच मीटर लावून बघा.