सहाचा नमुना, अकराचं पान

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला डिझर्टेशनचा विषय निवडताना मुलं दोनच गोष्टी विचारतात: सर कसे आहेत आणि पेपर निघेल का? मला कोणी विचारायला आलं तर मी आधी विचारते, तुझा नमुना किती वाजता हातात येणार?

हे मला कळलं ते इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात. मामेबहीण आणि मी एकाच वर्षी शेवटच्या सेमिस्टरला होतो. मी बायोकेमिस्ट्रीची, ती मायक्रोबायोलॉजीची. माझा विषय होता नायट्रोजन आणि उजेडाचा मक्याच्या पानातल्या नायट्रेट रिडक्टेज या एन्झाइमवर होणारा परिणाम. तिचा, लहान मुलांमधल्या क्षयरोगाचं निदान. आजी म्हणायची, एकीच्या वाट्याला पोरं आली, एकीच्या वाट्याला पानं.

ती पहाटे पाचला घर सोडायची. मोठा माणूस खाकरून बेडका काढतो, लहान मूल तो गिळतं. त्यातून मुलांमध्ये जंतूच मुळात कमी असतात. म्हणून रात्रभर गिळलेलं जे पोटात साठतं ते नाकातून नळी घालून काढायचं. मूल उठून बसायच्या, काही खाण्यापिण्याच्या आत. उशीर झाला की पोट रिकामं होतं आणि नमुना हुकतो. आईनं कळवळून बिस्किट दिलं की त्या दिवसाची फेरी फुकट! शिवाय पोटातलं आम्ल जंतूंना मारक, त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत पोचायला वेळ लागणार असेल तर सोडियम बायकार्बोनेट घालून आम्ल मारायचं. सीबीनॅटचं, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्राचं, उत्तर सुमारे दोन तासांत मिळतं, पण द्रव माध्यमात जंतू वाढवून बघायचं कल्चर नकारात्मक म्हणायला 42 दिवस थांबावं लागतं. सेमिस्टर किती दिवसांचं आहे ते मोजा आणि मग हा विषय घ्या.

तिचे पहिले दोन महिने तर नैतिक समितीच्या मंजुरीतच गेले. पालकांची लेखी संमती हवी, आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही हवा. अर्जाला एक जोडपत्र कमी पडलं म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. मक्याला कोणी संमती विचारत नाही, हा माझ्या विषयाचा मोठा फायदा.

पण पानाचंही घड्याळ असतं, हे मला उशिरा कळलं.

पिकानं मातीतून घेतलेलं नायट्रेट थेट प्रथिनात जात नाही. आधी नायट्रेट रिडक्टेज त्याचं नायट्राइट करतं, मग हरितलवकात नायट्राइट रिडक्टेज त्याचं अमोनियम करतं, आणि ते पुढे ग्लुटामिन या अमिनो आम्लात बांधलं जातं. पहिली पायरीच अडली तर पुढचं सगळं अडतं. माळव्यातला शेतकरी गव्हाला युरिया देतो, त्याचं मातीत बरंचसं नायट्रेट होतं, म्हणजे युरियाही या दारातूनच आत जातो. हे एन्झाइम नायट्रेट मिळालं की तयार होतं आणि उजेड मिळाला की जोमानं चालतं. अंधार झाला की काही मिनिटांतच त्यावर फॉस्फेट बसतं, एक प्रथिन येऊन चिकटतं आणि काम थंडावतं.

त्यामुळे रोपं अंधारात वाढवायची. नवरात्रात घटाचं धान्य देवघराच्या कोपऱ्यात पिवळं, लांबुडकं उगवतं, अगदी तशी. मग पानांचे तुकडे पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणावर तरंगत ठेवून उजेड द्यायचा. काही तुकडे नुसत्या पाण्यावर, काही अंधारातच. नायट्रेट आणि उजेड दोन्ही मिळालेल्या तुकड्यांचे आकडे बाकीच्यांना मागे टाकतात. हे पुस्तकात वाचलेलं असतं, तरी स्वतःच्या हातानं दिसलं की मजा वाटते.

मोजायची पद्धत सोपी, आणि म्हणूनच घात करणारी. पानाचे तुकडे फॉस्फेट बफर, नायट्रेट आणि थोड्या प्रोपॅनॉलमध्ये टाकायचे, पंपानं हवा ओढून द्रावण आत शिरवायचं आणि 30 अंशांवर अंधारात ठेवायचं. मग सल्फानिलामाइड आणि एन.ई.डी. ही रंग आणणारी दोन रसायनं घातली की नायट्राइटचा गुलाबी रंग येतो, तो 540 नॅनोमीटरवर वाचायचा.

पहिल्या आठवड्यात मी नळ्यांवर काळं कापड घालायला विसरले. आकडे जवळजवळ शून्य. मला वाटलं बियाणंच वाईट. सरांनी नळ्यांकडे पाहिलं, वर ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि चहा प्यायला निघून गेले. उजेड असला की हरितलवकातलं दुसरं एन्झाइम नायट्राइट खाऊन टाकतं, मग रंग कुठून येणार? अंधार याच्यासाठी. आणि अंधारात पहिलं एन्झाइम मंदावतं ना, अशी शंका मी विचारली तेव्हा सर पहिल्यांदा खूश दिसले. हवा काढून टाकलेली असते, ऑक्सिजनच्या टंचाईत ते चालू राहतं.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. ब्लँकच, म्हणजे पान न घातलेली नळीच, गुलाबी यायला लागली. दोन दिवस डिस्टिल्ड पाण्याला शिव्या दिल्या. खरं कारण, सोडियम नायट्राइटचा स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं ठरावीक तीव्रतेचं द्रावण, घेतलेली पिपेट मी तशीच सगळीकडे वापरत होते. स्टँडर्डची पिपेट वेगळी ठेवा, तिला लाल चिकटपट्टी लावा आणि कोणालाही उसनी देऊ नका.

नंतर गच्चीवर कुंड्यांत हिरवी रोपं वाढवली तेव्हा घड्याळाची गोष्ट लक्षात आली. एकाच कुंडीतली पानं, पण सकाळी आठला तोडली तर आकडा वेगळा, अकराला वेगळा. मी पोहे खाऊन निघायची, सिटी बस मिळेल तशी पोचायची आणि पानं तोडायची. पंधरा दिवसांचे आकडे एका आलेखात बसेनात. मामेबहिणीनं वही चाळली आणि म्हणाली, "ताई, तू वेळच लिहिलेली नाहीस. आमच्याकडे वेळ नसलेला नमुना परत पाठवतात."

ते पंधरा दिवस मी फेकले. त्यानंतर रोज बरोबर अकराला पान, लगेच बर्फावर, आणि वहीत तारखेशेजारी वेळ. जुलै लागल्यावर एक रकाना वाढला: ढग. आभाळ भरलं की आकडे उतरायचे, नायट्रेट भरपूर असूनही. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जाडजूड संदर्भयादी न बघता उलटली आणि त्या ढगांच्या रकान्यावर वीस मिनिटं प्रश्न विचारले.