दुसऱ्या देशातून डिपोर्ट झाल्यानंतर कॅनडातील जोडीदाराकडे जाण्यासाठी अर्ज कसा करावा

अमेरिकेतून परत पाठवले गेलेले किंवा आखातातून आउटपासवर (पासपोर्टऐवजी भारतीय दूतावासाने दिलेल्या आपत्कालीन प्रमाणपत्रावर) घरी आलेले लोक पुढे संसार थाटतात, आणि पत्नी किंवा पती कॅनडात स्थायिक असेल तर घरात पहिली चिंता हीच असते की जुने डिपोर्टेशन आता आड येईल का. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानातील १०४ भारतीयांमध्ये महाराष्ट्रातील तिघे होते. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात गेलेल्या आणि कागदपत्रांच्या घोळात सापडून परतलेल्या माणसांच्या कहाण्या तर त्याहून कितीतरी जुन्या आहेत. ज्या कुटुंबात एक जण कॅनडाचा नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी) आहे आणि दुसरा भारतातून अर्ज करणार आहे, अशा कुटुंबांसाठी हे लिहीत आहे. आपण ज्याला सवयीने स्पाउस व्हिसा म्हणतो तो कॅनडात प्रत्यक्षात जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर केलेला पीआरचा अर्ज असतो, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे.

कॅनडाच्या २००१ च्या स्थलांतर आणि निर्वासित संरक्षण कायद्यात, केवळ दुसऱ्या देशाने बाहेर काढले म्हणून पीआर नाकारावा, अशी तरतूद नाही. स्वतः कॅनडाने डिपोर्टेशनचा आदेश काढला असेल तर परतण्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते. पण ती अट अमेरिकेने, संयुक्त अरब अमिरातीने किंवा सौदीने बाहेर काढलेल्यांना लागू होत नाही. धोका आहे तो कलम ४० चा. महत्त्वाची माहिती खोटी दिली किंवा दडवली, आणि त्यामुळे अधिकाऱ्याचा निर्णय चुकू शकला असता, तर अर्जदाराला पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येते आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. निर्णय प्रत्यक्षात चुकलाच पाहिजे असेही नाही. तो चुकण्याची शक्यता निर्माण झाली तरी पुरते. जे डिपोर्टेशन सांगितले असते तर समजावून देता आले असते, तेच लपवल्यामुळे स्वतंत्र अपराध होऊन बसते. आणि लपवून ते लपत नाही: भारतीय अर्जदाराच्या बोटांचे ठसे घेतले जातात, आणि कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या पाच देशांमध्ये स्थलांतरविषयक नोंदींची देवाणघेवाण चालते.

म्हणून फॉर्म उघडण्याआधी त्या वेळी नेमके काय घडले होते याचे कागद मिळवावेत. आठवणीवर विसंबू नये, कारण बहुतेकांना आपल्यावर कोणत्या प्रकारची कारवाई झाली हे तेव्हाही नीट कळलेले नसते. अमेरिकेच्या बाबतीत निदान चार प्रकार वेगळे करावे लागतात. सीमेवर किंवा विमानतळावर अधिकाऱ्यानेच न्यायाधीशापुढे न नेता काढलेला झटपट आदेश हा एक. त्याने साधारणपणे पाच वर्षांची प्रवेशबंदी लागते. इमिग्रेशन न्यायाधीशाने काढलेला आदेश हा दुसरा. त्याची बंदी बहुधा दहा वर्षांची असते. ठरलेल्या मुदतीत स्वखर्चाने देश सोडण्याची परवानगी मिळाली असेल तर ते डिपोर्टेशन नव्हे, मात्र मुदत पाळल्याचा पुरावा हवा. आणि विमानतळावर प्रवेशाचा अर्जच मागे घेऊ दिला असेल तर तोही आदेश नव्हे. याखेरीज एक फसवी परिस्थिती असते: सुनावणीला हजर न राहता माणूस गुपचूप भारतात परततो, आपण स्वतःहून आलो असे समजतो, आणि मागे त्याच्या गैरहजेरीत काढलेला आदेश नोंदीवर असतो. आदेश निघाल्यानंतर स्वतःहून देश सोडला तरी तो अंमलात आला असेच धरले जाते.

ही माहिती मिळवण्याचा मार्ग सरळ आहे. अमेरिकेच्या माहितीच्या कायद्याखाली यूएससीआयएस या स्थलांतर खात्याकडे ऑनलाइन विनंती करून आपली संपूर्ण फाइल मागता येते. सीमेवर पकडले गेले असल्यास सीबीपी या सीमारक्षक खात्याकडे, आणि प्रकरण न्यायाधीशापुढे गेले असल्यास इमिग्रेशन न्यायालयांच्या कार्यालयाकडे स्वतंत्र विनंती करावी. जुन्या कागदांवर ए या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो प्रत्येक विनंतीत द्यावा. सोबत एफबीआयचा ओळख-इतिहास अहवालही मागवावा, त्याचे शुल्क १८ डॉलर आहे. अमेरिकेत सलग सहा महिने राहणे न झाल्याने तिथले पोलीस प्रमाणपत्र लागत नसले तरी, अटक किंवा कोठडी झाली असेल तर तो आधी स्वतः वाचलेला बरा. उत्तरे यायला वेळ लागतो, पण ती हाती येईपर्यंत अर्ज थांबवणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते.

आखाताच्या बाबतीत कागद मिळणे अवघड असते. मालकाने पळून गेल्याची तक्रार केली, पासपोर्ट त्याच्याकडेच राहिला, आणि भारतीय दूतावासाच्या आपत्कालीन प्रमाणपत्रावर म्हणजे आउटपासवर माणूस परतला, अशा प्रकरणात हाती एखादा शिक्का किंवा तिकीटच उरते. तेव्हा आउटपासची प्रत, नव्या पासपोर्टसाठी दिलेले प्रतिज्ञापत्र, जुन्या व्हिसाची किंवा रहिवासी कार्डाची झेरॉक्स, पगाराच्या बँक नोंदी, असे जे मिळेल ते गोळा करावे. अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात बेकायदा राहणाऱ्यांना दिलेल्या माफीचा लाभ घेऊन परतलेल्यांनी त्या वेळचा बाहेर पडण्याचा परवाना जपून ठेवावा, कारण त्या योजनेत प्रवेशबंदी न लागता जाता येत होते. अठरा वर्षांचे झाल्यानंतर गेल्या दहा वर्षांत एखाद्या देशात सलग सहा महिने किंवा अधिक राहिलेल्यांना तिथले पोलीस प्रमाणपत्र लागतेच; भारताचे असे प्रमाणपत्र (पीसीसी) पासपोर्ट सेवेतून मिळते.

आता फॉर्मकडे वळू. स्पॉन्सरचा अर्ज आयएमएम १३४४, मुख्य अर्ज आयएमएम ०००८, नात्याची माहिती आयएमएम ५५३२ आणि कुटुंबाची माहिती आयएमएम ५४०६ हे सर्वांना सारखेच असतात. आपल्या दृष्टीने कळीचा आहे तो आयएमएम ५६६९, म्हणजे पार्श्वभूमीचा फॉर्म. त्यात कॅनडा किंवा अन्य कोणत्याही देशाने प्रवेश नाकारला होता का किंवा देश सोडण्याचा आदेश दिला होता का, असे थेट विचारलेले असते. व्हिसा किंवा निर्वासित दर्जा नाकारला गेला होता का, आश्रयासाठी पूर्वी दावा केला होता का, आणि कधी कोठडीत किंवा तुरुंगात ठेवले होते का, हे प्रश्नही वेगवेगळे असतात. अमेरिकेच्या सीमेवर पकडला गेलेला माणूस बहुधा यांतील एकाहून अधिक प्रश्नांना हो म्हणतो. स्थलांतर विभागाच्या केंद्रातील मुक्काम म्हणजे तुरुंगवास नव्हे, असे समजून कोठडीच्या प्रश्नाला नाही लिहू नये. त्याच फॉर्ममध्ये मागील वर्षांचा सलग वृत्तान्त महिन्यांसह द्यावा लागतो. प्रवासात, कोठडीत आणि बेकार असताना गेलेले महिनेही त्यात आले पाहिजेत.

नावाबाबत आपल्याकडे खास काळजी घ्यावी लागते. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून लागते, लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलते, आणि आडनाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळ्या स्पेलिंगने येते. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकी नोंदीत पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (पहिले नाव अज्ञात) अशी अक्षरे पडलेली असतात. एजंटाने दुसऱ्याच नावाने किंवा जन्मतारखेने पाठवले असेल तर तेही सांगावेच लागेल. वापरलेली सर्व नावे अर्जात द्यावीत आणि ती एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे.

हो म्हटलेल्या प्रत्येक उत्तरामागे एक खुलासापत्र हवे. ते स्वतः अर्जदाराच्या शब्दांत असावे आणि दीड-दोन पानांपेक्षा मोठे नसावे. कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणाहून, कोणत्या कागदांवर प्रवेश केला किंवा करू पाहिला, कोणी पकडले, कुठे, किती काळ ठेवले, आश्रयाचा दावा केला का आणि त्यात काय सांगितले, कोणता आदेश निघाला आणि कोणत्या दिवशी भारतात परतलो, हे क्रमाने लिहावे. प्रत्येक विधानापुढे त्याचा कागद कोणत्या पानावर आहे ते नमूद करावे. तेव्हा दिलेली माहिती खोटी असेल, उदाहरणार्थ विवाहित असून अविवाहित सांगितले असेल किंवा आश्रयाच्या मुलाखतीत न घडलेला प्रसंग सांगितला असेल, तर ते आता स्पष्ट मान्य करावे, कारण अधिकारी दोन्ही जबाब शेजारी ठेवून वाचू शकतो. सगळा दोष एजंटावर ढकललेले पत्र मला नेहमीच दुबळे वाटते. त्याने काय केले ते जरूर लिहावे, पण आपल्याला काय माहीत होते तेही लिहावे. परतल्यापासूनचे स्थिर आयुष्य, म्हणजे नोकरी, शिक्षण, आयकर विवरणपत्रे, एका परिच्छेदात दाखवावे. पूर्वी कॅनडाच्या व्हिजिटर किंवा स्टुडंट व्हिसाच्या अर्जात हीच गोष्ट दडवली असेल, तर या पत्रातच ती दुरुस्त करावी आणि असा अर्ज वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नये.

जिथे डिपोर्टेशनच्या मागे गुन्हा आहे तिथे प्रकरण बदलते. कॅनडा तो गुन्हा आपल्या कायद्यात कशाशी जुळतो ते पाहतो. बनावट दस्तऐवज वापरणे हा तिथे कमाल दहा वर्षे कैदेचा अपराध आहे, आणि १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षाही दहा वर्षे झाल्याने दोन्ही गंभीर गुन्हेगारीत मोडू शकतात. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाली असतील तर पुनर्वसनाचा, म्हणजे त्या गुन्ह्यामुळे आलेली अपात्रता दूर करण्याचा, स्वतंत्र अर्ज करता येतो. याबाबतीत परवानाधारक सल्लागारच गाठावा: कॅनडातील वकील, किंवा कॉलेज म्हणवणाऱ्या स्थलांतर सल्लागारांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असलेला सल्लागार. नोंदणी त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येते, आणि फॉर्म कोणीही भरला तरी सहीखालच्या मजकुराची जबाबदारी अर्जदाराचीच राहते.

जुन्या डिपोर्टेशनमुळे लग्नाकडेही संशयाने पाहिले जाण्याची शक्यता वाढते. नाते खरे नसेल, किंवा ते मुख्यतः पीआरसाठी जोडलेले असेल, तर या दोहोंपैकी एकही कारण नकाराला पुरते. त्यामुळे पत्रिका आणि हॉलवरचे फोटो एवढ्यावर थांबू नये. स्थळ कोणी सुचवले, बघण्याचा कार्यक्रम कधी झाला, साखरपुडा आणि लग्न यांत किती अंतर होते, दोन्हीकडचे कोण उपस्थित होते, त्यानंतर भेटी कधी झाल्या, हे आयएमएम ५५३२ मध्ये तपशिलाने यावे. जोडीदाराला डिपोर्टेशनची गोष्ट लग्नापूर्वी सांगितली होती का, हे मुलाखतीत विचारले जाऊ शकते, आणि दोघांची उत्तरे जुळायला हवीत. सासरच्यांपासून हे लपवलेले असेल तर अर्जाआधी घरात बोलून घ्यावे. मुलाखतीच्या टेबलावर पत्नीला ते प्रथम कळणे अर्जासाठी घातक आहे आणि तिच्यावर अन्यायकारकही. नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते. ते मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडावे, घरच्या कोणी केलेले चालत नाही. व्हिडिओ कॉलवर लागलेले लग्न ११ जून २०१५ पासून या अर्जासाठी ग्राह्य नाही.

स्पॉन्सरच्या अटी थोडक्यात अशा: वय १८ पूर्ण, पीआर असल्यास कॅनडातच वास्तव्य, आणि अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी साहाय्यावर अवलंबून नसणे. तो स्वतः जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर आला असेल तर पीआर मिळाल्यापासून पाच वर्षे थांबावे लागते. क्वेबेकखेरीज इतर प्रांतांत जोडीदाराचा खर्च उचलण्याची तीन वर्षांची हमी द्यावी लागते.

अधिकाऱ्याला शंका आली तर तो नकारापूर्वी पत्र पाठवून खुलासा मागतो. त्या पत्रातील मुदत कठोर असते. उत्तर कागदांसह वेळेत द्यावे आणि वेळ कमी पडत असेल तर मुदत संपण्याआधी वाढवून मागावी. तरीही नकार आला तर भारतातून केलेल्या अर्जाच्या बाबतीत स्पॉन्सरला लेखी कारणे मिळाल्यापासून ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येते. खोट्या माहितीच्या कारणाने झालेल्या नकारावर एरवी अपील नसते, पण अर्जदार स्पॉन्सरचा पती किंवा पत्नी असेल तर ते करता येते, आणि तिथे मानवी कारणांचाही विचार होऊ शकतो. गंभीर गुन्ह्याच्या कारणावर मात्र हा मार्ग बहुधा बंद असतो.

पीआर मंजूर झाल्यावर तिकीट काढताना मुंबई ते टोरांटो किंवा व्हँकुव्हर हा प्रवास अमेरिकेतील विमानतळावरून नसावा, याची खात्री करावी. तिथे केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि अमेरिकेची प्रवेशबंदी कॅनडाच्या पीआरने उठत नाही. ती कॅनडाचे नागरिकत्व घेतल्यानेही संपत नाही. बंदीच्या काळात नायगाऱ्याच्या पलीकडच्या काठावर जायचे असले तरी आय-२१२ या फॉर्मवर अमेरिकेची आगाऊ संमती घ्यावी लागते.